पाण्याची पातळी: बदल नाही

गाडी मापाड्यापेक्षा दीड वर्षाने मोठी होती, त्यामुळे घरात मान आधी तिला मिळायचा. बाबा जेवायला बसले की पहिल्यांदा खिडकीतून तिच्याकडे बघायचे, मग ताटाकडे, आणि वेळ उरला तर मुलांकडे.

मापाडी हे त्याचं कागदावरचं नाव अर्थातच नव्हे. ते ताईने ठेवलं, तो सहा वर्षांचा असताना. त्याने घरी आलेल्या केकचे फूटपट्टीने मोजून चार सारखे तुकडे केले होते आणि शेवटी उरलेला सव्वा सेंटिमीटर कुणाचा, यावर रडून घर डोक्यावर घेतलं होतं. पुढे त्याला नोकरीही अशीच लागली. तो डोंगरावरच्या वेधशाळेत निरीक्षक झाला. वेधशाळा म्हणजे डोळ्यांसमोर फार मोठं काही आणायचं कारण नाही. तारेचं कुंपण, पांढरी रंगवलेली झडपांची पेटी, तिच्यात दोन थर्मामीटर, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा बाण, पाऊस मोजायचं कुलूपबंद नळकांडं, एक खोली, एक टेबल, एक टेलिफोन. रोज सकाळी आठ वाजता आकडे वाचायचे, वहीत लिहायचे आणि फोनवर साहेबांना सांगायचे. आठ म्हणजे आठ. आठ वाजून पाच मिनिटांनी वाचलेलं तापमान हे आठ वाजून पाच मिनिटांचं तापमान असतं आणि ते जगात कुणालाही नको असतं.

सहा महिन्यांची उमेदवारी होती. नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की या काळात तीन नोंदी कोऱ्या राहिल्या तर उमेदवाराने कार्यालयाची छत्री परत करून घरी जावं. चौथ्या महिन्यापर्यंत मापाड्याच्या दोन नोंदी कोऱ्या राहिल्या होत्या, आणि दोन्ही वेळा आठ वाजता तो घाटातल्या अकराव्या वळणावर उघड्या बॉनेटसमोर उभा राहून वाफ बघत होता.

दुसरा काही मार्ग नव्हता असं नाही, फक्त तो चालत नव्हता. बस डोंगराच्या पायथ्याशी येऊन परत फिरायची. कार्यालयाची जीप आठवड्यातून एकदा, बुधवारी, वर जायची. वेधशाळेला लागून निरीक्षकाला राहायची खोली होती, पण तिचं छप्पर दोन वर्षांपूर्वीच्या वादळात उडालं होतं. ते वादळ किती वेगाचं होतं याची नोंद मात्र अगदी चोख होती. मोटरसायकल त्याने एकदा करून पाहिली. त्या प्रयोगाचे सात टाके डाव्या कोपरावर होते आणि त्या दिवसापासून आईने घरात तो शब्दच बंद केला होता.

म्हणून बाबांनी गाडी दिली. देताना ते एवढंच म्हणाले, "हिला बाकी काहीही लागेल, पण ही पाणी मागत नाही."

ती तापायची मात्र. घाट सुरू झाला की काटा निघायचा, सातव्या वळणाला निम्म्यावर यायचा, अकराव्याला तांबड्यात शिरायचा. मग थांबायचं, बॉनेट उघडायचं, ती गार व्हायची वाट बघायची आणि बरोबर ठेवलेल्या कॅनमधलं पाणी ओतून पुढे जायचं. मापाडी सहाच्या ऐवजी साडेपाचला निघू लागला. गाडी नव्या वेळेशी जुळवून घेऊन अर्धा तास लवकर तापू लागली.

गॅरेजचा मिस्त्री पन्नाशीचा, शांत माणूस होता. तो कमी बोलायचा, आणि बोलला की काहीतरी बदलावं लागायचं. त्याने पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला. घरी उभी असताना पाणी कमी होतं का?

हा प्रश्न आपल्याला कुणीतरी विचारावा म्हणून मापाडी जन्मभर थांबला होता. त्याने खिशातून वही काढली. रोज सकाळी सव्वापाचला गाडी गार असताना तो रेडिएटरचं झाकण उघडून आत स्टीलची पट्टी बुडवत असे आणि पातळी लिहून ठेवत असे. तारीख, वेळ, पातळी, बदल. पानामागून पान एकच मजकूर होता: 'पातळी पूर्ण. बदल नाही.'

मिस्त्रीने हात पुसून वही घेतली आणि उभ्या उभ्या सगळी वाचली. मग ती बंद करून दोन्ही हातांनी परत दिली. म्हणाला, एवढं लिहून आजवर कुणी गाडी आणली नव्हती. लोक येतात आणि म्हणतात, बघा जरा, कसंतरी होतंय.

त्याने नीट समजावून सांगितलं. गाडी दोन तऱ्हांनी तापते. एक, आधी पाणी जातं आणि मग ती तापते. दोन, आधी ती तापते आणि मग पाणी उकळून जातं. पहिल्यात पाण्याला कुठेतरी वाट फुटलेली असते, आणि ती नशिबाने वाईट असली तर इंजिनाच्या पोटात, हेड गॅस्केट म्हणतात त्या सांध्याच्या चकतीला फुटलेली असते. मग सगळं इंजिन खोलावं लागतं. पण वहीप्रमाणे पाणी रात्रभर जागचं हललं नव्हतं. म्हणजे दुसरी तऱ्हा. म्हणजे पाणी आहे पण फिरत नाही. म्हणजे रेडिएटर तुंबलाय.

रेडिएटर खोलून साफ झाला. त्यातून जो गाळ निघाला तो बघून मापाड्याला खात्रीच पटली की सापडलं. तिसऱ्या दिवशी गाडी अकराव्या वळणावर तापली.

मग थर्मोस्टॅट बदलला. मग वरचा पाइप, मग खालचा पाइप, कारण वरच्याला नवा बघून खालचा फुटला. पंख्याचा पट्टा बदलला. रेडिएटरचं झाकण बदललं, कारण जुन्याची स्प्रिंग मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे म्हातारी झाली होती. शेवटी पाण्याचा पंप बदलला, आणि तो बसवायला जागा करताना आणखी दोन गोष्टी तुटल्या त्याही बदलल्या. दर वेळी मिस्त्री आधी विचारायचा, पाणी? आणि मापाडी वही पुढे करायचा. बदल नाही. मिस्त्री मान डोलवायचा आणि यादीतल्या पुढच्या वस्तूकडे जायचा. एकदा थंड इंजिन चालू करताना मागून पांढरा धूर निघाला तेव्हा मिस्त्री थबकला, धुराकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "वही नसती तर मी दुसराच विचार केला असता."

घरातही या विषयावर रोज बोलणं व्हायचं, म्हणजे मापाडी बोलायचा आणि बाकीचे तिघे विलक्षण समजूतदारपणे ऐकून घ्यायचे. ताई दुसऱ्यांचे प्रबंध घरी टाइप करून द्यायची आणि एरवी त्याला टोमणा मारल्याशिवाय तिचं पान पूर्ण व्हायचं नाही. पण गाडीचा विषय निघाला की तीही खाली बघायची. आई त्याच्या ताटात आणखी वाढायची. बाबा म्हणायचे, होईल, होईल, यंत्र आहे. मापाड्याला वाटायचं, आपल्या नोकरीच्या काळजीने बिचारे गप्प झालेत.

एका शनिवारी, सगळं काही नवीन बसवलेल्या गाडीतून, तो वेधशाळेच्या फाटकात सात अठ्ठावन्नला पोचला. काटा तांबड्याच्याही पलीकडे, आकडे संपतात तिथे जाऊन टेकला होता. आठची नोंद झाली. पण घाईत सतराचा आकडा त्याला दोनदा गिरवावा लागला.

त्या संध्याकाळी त्याने ठरवलं की आता पुरावा पक्का करायचा. वहीवर त्याचा विश्वास होता, पण मिस्त्रीने उद्या म्हटलं असतं की तुम्ही नीट बघितलं नसेल, तर? प्रशिक्षणात त्यांना शिकवलं होतं की पाऊस मोजायच्या नळकांड्याला कुलूप का असतं. एका केंद्रावर कुणीतरी त्यात रोज उरलेला चहा ओतत होतं आणि त्या महिन्यात त्या भागात कागदोपत्री पूर आला होता. मापाड्याने गाडी गार होऊ दिली, रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण लावलं, त्यावर आडवी-उभी चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर तारीख, वेळ टाकून सही केली. मग बॉनेट बंद करून शांत मनाने आत आला.

रविवारी त्याला सुट्टी असायची. त्या दिवशी डोंगराच्या पलीकडच्या अंगाने एक बदली निरीक्षक चालत येऊन नोंद घ्यायचा. तरी मापाडी सव्वापाचला उठला. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. त्याने ती कापली, झाकण उघडलं आणि स्टीलची पट्टी आत बुडवली. पट्टी कोरडी वर आली.

त्याने पट्टी पुसून, जणू चूक तिची होती, पुन्हा बुडवली. कोरडी. मग त्याने मोजपात्र आणलं आणि पाणी ओतायला सुरुवात केली. एक लिटर गेलं. दोन गेले. साडेतीन लिटरला पाणी काठाशी दिसलं. त्याने गाडीखाली ओणवं होऊन पाहिलं. जमीन खडखडीत कोरडी, एक थेंब नाही.

तो तसाच ओल्या हातांनी स्वयंपाकघरात गेला. तिघेही टेबलाशी चहा घेत बसले होते. रविवारी इतक्या लवकर तिघेही उठून का बसले आहेत, हे त्याला तेव्हा सुचलं नाही.

"एका रात्रीत साडेतीन लिटर," तो म्हणाला. "इतके दिवस शून्य, शून्य, शून्य, आणि आज एकदम साडेतीन. त्या मिस्त्रीने पंप बसवताना काहीतरी फोडून ठेवलंय."

बाबांचा चहा बिनसाखरेचा असायचा, तरी ते तो ढवळत होते.

"अरे," आई म्हणाली, "तू ती चिकटपट्टी लावलीस ना."

"मग?"

"मग मला ओतता नाही आलं."

मापाड्याने विचारलं, काय ओतता नाही आलं. आईने सांगितलं, पाणी रे, दुसरं काय ओतणार, आणि असा बघू नकोस, फार नाही, एक केटली. तेसुद्धा उकळून गार केलेलं, कारण नळाच्या पाण्याने केटलीत पांढरा थर बसतो तर गाडीच्या आतड्यांचं काय होत असेल. पाचला ती ओतायची. तो सव्वापाचला यायच्या आत.

बाबांनी चमचा खाली ठेवला.

"तू पण?" ते म्हणाले.

"पण म्हणजे?" आईने विचारलं.

आता बाबांना सांगणं भाग पडलं. ते साडेचारला जायचे, दीड लिटरचा जग घेऊन. डॉक्टरांनी पहाटे चालायला सांगितलं होतं; ते पायरीपासून गाडीपर्यंत चालायचे. ताईने तेवढ्यात खुर्ची मागे सरकवली होती, पण दार आईच्या बाजूला होतं. मग तिनेही सांगून टाकलं. संध्याकाळी झाडांना पाणी घातल्यावर झारीत जे उरायचं ते ती रेडिएटरमध्ये घालायची. उरायचं म्हणजे लिटरभर. मुद्दाम उरवायची.

मापाडी खाली बसला. त्याने टेबलावरच्या रद्दी कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलं: झारी एक, जग दीड, केटली एक. साडेतीन. बेरीज थेंबाचाही फरक न पडता जुळली होती. एवढ्या संतापातही ती जुळल्याचं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा त्याला आणखी राग आला.

का, हे त्याने तिघांना वेगवेगळं विचारलं. ताई म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू मला झारीची नोंदवही दिली असतीस. हे खरं होतं. आई म्हणाली, बाबांना कळलं असतं की गाडी पाणी पिते, तर त्यांनी बाह्या सरसावून स्वतः बॉनेट उघडलं असतं, आणि मागच्या वेळी त्यांनी मिक्सर उघडला होता तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे. हेही खरं होतं. उरले बाबा.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तुला दिल्यापासून," बाबा म्हणाले. मग कप सरळ करून म्हणाले, "देण्याच्या आधी वर्षभर."

"बाबा, माझी नोकरी जायला आली."

"म्हणून तर ओतत होतो ना."

मापाडी उठून बॉनेटपाशी जाऊन उभा राहिला आणि आपल्या वहीतल्या त्या सगळ्या सुंदर अक्षरातल्या शून्यांकडे बघत राहिला. एकही नोंद खोटी नव्हती. सव्वापाचला पातळी पूर्णच असायची. त्याने फक्त गाडीऐवजी आपलं घर मोजलं होतं.

मिस्त्री रविवार असूनही आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग खाली बघत स्वतःचंही सांगून टाकलं. गॅरेजमध्ये गाडी आली की तो आधी थोडं पाणी घालायचा आणि मग पातळी बघायचा. "दारात आलेल्याला पाणी विचारतो आपण," तो म्हणाला, "तशी हाताची सवय." मग त्याने झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायला लावलं. पाण्यातून एकामागून एक बुडबुडे वर येऊ लागले, जणू तळाशी कुणी नळीने फुंकत बसलं होतं. मिस्त्रीने तीन मिनिटं ते पाहिले आणि इंजिन बंद करायची खूण केली. हेड गॅस्केट. पाणी रात्रभर आतल्या आत इंजिनात झिरपत होतं आणि गाडी चालू केली की वाफ होऊन मागच्या नळीने निघून जात होतं, म्हणून जमिनीवर थेंब नाही. इंजिन खोलायचं, चार दिवस लागणार. बाकी सगळं, रेडिएटर, पंप, पाइप, झाकण, आता एकदम झकास आहे, एवढं त्याने दिलाशाखातर सांगितलं.

पण चार दिवस कुठून आणायचे? रजा मागायची तर तीन दिवस आधी कळवावं लागे, म्हणजे सोमवारी मागितली तर ती गुरुवारपासून मिळणार. बुधवारी जीप होती. राहिले सोमवार आणि मंगळवार. त्यातल्या एका दिवशी जरी आठला वर पोचला नाही, तरी तिसरी नोंद कोरी आणि छत्री परत.

मिस्त्रीने आधी साफ नाही म्हटलं. मग मापाड्याच्या तोंडाकडे बघून म्हणाला, न्यायचीच असेल तर तापू द्यायची नाही. काटा निम्म्याला यायच्या आधी थांबायचं, निवू द्यायचं, झाकणावर जाड फडकं टाकून हळू उघडायचं, भरायचं, पुढे जायचं. दर दोन-तीन किलोमीटरला. आणि पाणी भरपूर न्या.

सोमवारी पावणेपाचला चौघेही गाडीत होते. मापाड्याला एकट्यालाच जायचं होतं, पण गाडी किती पिते हे आपल्यालाच नीट माहीत आहे असं प्रत्येकाचं मत पडलं आणि कुणीही ते सोडेना. मागच्या सीटवर आई आणि ताई यांच्यामध्ये अकरा बाटल्या, झाकणाची बादली, झारी आणि रबरी शेकपिशवी इतकं पाणी होतं. त्या सगळ्याच्या वजनाने गाडी मागे बसली होती आणि तिचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडत होते.

तिसऱ्या वळणावर पहिला मुक्काम झाला. आई म्हणाली, सावकाश ओत, दचकते ती. बाबा म्हणाले, इतकं सावकाश ओतलंस तर तळाला पोचेपर्यंत आठ वाजतील. ताईने किती ओतलं ते लिहून घ्यायला सुरुवात केली होती, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि आईने ओतलेल्यापेक्षा बाबांनी ओतलेलं दर वेळी कमी भरतं असं तिच्या लक्षात आलं. बाबा बाहेर सांडत होते. त्यांनी ते मान्य केलं नाही. पाचव्या वळणावर दुधाची गाडी थांबली आणि ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, काय झालं काका? बाबा म्हणाले, काही नाही, जरा सूर्योदय बघतोय. सूर्य पाठीमागच्या बाजूला उगवत होता. ड्रायव्हरने त्यांना एक बाटली पाणी देऊ केलं, बाबांनी ते बाणेदारपणे नाकारलं, आणि पुढचे दोन मुक्काम आई त्यांच्याशी बोलली नाही.

अकरावं वळण आलं तेव्हा मापाड्याने काट्याकडे पाहिलं. काटा निम्म्याच्याही खाली होता. इतक्या महिन्यांत त्या वळणावरून पुढचा रस्ता त्याने चालत्या गाडीतून, वाफेशिवाय, पहिल्यांदाच नीट पाहिला. तिथे एक छोटा पूल होता. त्याला माहीतच नव्हतं.

तेराव्याला बादली संपली. शेवटच्या वळणावर झारी, शेकपिशवी, आणि मापाडी रोज बरोबर नेत असे ती प्यायच्या पाण्याची बाटलीसुद्धा गेली. फाटकाशी गाडी थांबली तेव्हा सात बावन्न झाले होते. बाबांनी स्टिअरिंगशेजारच्या पत्र्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसले. ताईने वही मिटली. मापाडी किल्ली घेऊन जवळजवळ नाचत पांढऱ्या पेटीकडे गेला.

पेटीत दोन थर्मामीटर असतात. एक सुका, तो साधा. दुसरा ओला, त्याच्या टोकाला सुती वात गुंडाळलेली असते आणि वातीचं दुसरं टोक एका चिमुकल्या वाटीतल्या शुद्ध पाण्यात बुडलेलं असतं. दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून हवेतली आर्द्रता काढतात. वाटीत पाणी लागतं ते फार तर दोन चमचे.

वाटी कोरडी होती. वात वाळून कडक झाली होती.

तो खोलीत गेला. टेबलाखाली शुद्ध पाण्याची बाटली उभी होती आणि ती रिकामी होती. ती रिकामी आहे हे त्याला ती हातात घेण्याच्या आधीच आठवलं. शनिवारी दुपारी घरी निघताना गाडी फाटकातच फुरफुरायला लागली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्याने टेबलाखालची बाटली नेऊन अख्खी रेडिएटरमध्ये उलटी केली होती आणि मनाशी म्हटलं होतं, उद्या खालून नवी घेऊन सोमवारी आणून ठेवू, कुणाला कळणारही नाही. रविवारच्या गोंधळात ते साफ विसरलं. बदली निरीक्षकाची रविवारची नोंद वाटीत उरलेल्या पाण्यावर निभावली असावी.

बाबा दारात आले होते. त्यांच्यामागे आई आणि ताई.

"बाटलीतलं पाणी कुठे गेलं?" बाबांनी विचारलं.

मापाड्याने गाडीकडे बोट दाखवलं.

तिघांनी गाडीकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. ताईने तोंड उघडलं, आईने तिचा हात दाबला, ताईने तोंड मिटलं. हा तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा त्याग असावा.

मग सगळे एकदम कामाला लागले. आईने एकेक बाटली उलटी करून झटकली; अकरा बाटल्यांतून मिळून तिचा तळहात ओला झाला. ताई म्हणाली, गाडीतलंच काढू थोडं. ते उकळतं होतं आणि गंजाच्या रंगाचं होतं; त्याने तापमान आलं असतं, पण गाडीचं. बाबांनी थुंकीचा पर्याय सुचवला. नियमावलीत थुंकीबद्दल अवाक्षर नव्हतं, पण मापाड्याला माहीत होतं की वात भिजल्यावर पारा स्थिर व्हायला पंधरा मिनिटं लागतात, आणि आता सात सत्तावन्न झाले होते. आता वरून नदी जरी वाहिली असती तरी उपयोग नव्हता.

"रोज किती फरक असतो दोघांत?" बाबांनी हळू आवाजात विचारलं.

"दोन. अडीच."

"मग लिही की. सुक्यातून अडीच वजा कर आणि लिही."

मापाड्याला तो आकडा दिसत होता. सुका सतरा पॉइंट चार दाखवत होता, आकाश स्वच्छ, वारा मंद. अशा सकाळी ओला पंधराच्या आसपास असतो, हे त्याने चार महिने पाहिलं होतं. पंधरा लिहिलं असतं तर बहुधा ते बरोबरही ठरलं असतं. रकाना भरलेला दिसला असता. साहेबांनी तो बघून पुढची वस्तू तपासायला घेतली असती, आणि त्यांच्याही वरच्या कुणीतरी त्यावर विसंबून आणखी काहीतरी बदललं असतं.

"घरात हेच केलंत तुम्ही सगळ्यांनी," तो म्हणाला.

बाबा दोन पावलं मागे सरकून पायरीवर जाऊन बसले.

आठ वाजता त्याने सुका थर्मामीटर वाचला. सतरा पॉइंट चार. वारा पश्चिमेचा. पाऊस शून्य, नळकांड्याचं कुलूप त्याने उगाच एकदा ओढून पाहिलं. ओल्याच्या रकान्यात त्याने आडवी रेघ मारली आणि शेरा लिहिला: 'पाणी उपलब्ध नव्हते. कारण: निरीक्षकाने वापरले.' मग फोन उचलला.

साहेबांनी आकडे लिहून घेतले. ओल्याचं ऐकल्यावर त्यांनी कारण विचारलं. मापाड्याने सांगितलं. पलीकडे बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

"नियम म्हणतो, तीन नोंदी कोऱ्या," शेवटी साहेब म्हणाले. "ही पूर्ण कोरी नाही."

"नाही साहेब."

"पूर्ण भरलेलीही नाही."

"नाही साहेब."

"अर्धी धरतो. तुमच्या अडीच झाल्या." पेन्सिल चालल्याचा आवाज आला. "उरलेले दोन महिने अर्ध्यात भागवा."

फोन ठेवून तो बाहेर आला. तिघे पायरीवर ओळीने बसले होते, आई मध्ये. तिघांच्याही माना एकदम वर झाल्या.

"राहिली," तो म्हणाला.

"किती?" बाबांनी विचारलं.

"अर्धी."

बाबांनी मान डोलवली. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं की त्यांना हे कमी वाटलं की जास्त. गाडी फाटकाशी टिकटिक करत निवत होती. खाली जाण्यापुरतं तिच्यात पाणी आहे की नाही हे बघायला झाकण उघडायला हवं होतं, आणि ते उघडण्याइतकी ती निवायला अजून अर्धा तास होता, म्हणून चौघेही नुसते तिच्याकडे बघत बसले.

थोड्या वेळाने ताईने विचारलं, उद्या किती वाजता निघायचं. मापाडी म्हणाला, साडेचारला. आणि शुद्ध पाण्याची एक बाटली वेगळी घ्यायची, आणि काहीही झालं, गाडी पेटली तरी, ती ओतायची नाही.

सगळ्यांना हे पटलं. मग ती बाटली कुणाच्या हातात द्यायची याचा विचार सुरू झाला. आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी ताईकडे, ताईने मापाड्याकडे, आणि अर्धा तास संपला तरी त्याचा निर्णय झाला नव्हता.